खिडकीबाहेरचा हुक

१२ जानेवारी, सोमवार

ही वही ह्यांची. पहिली बत्तीस पानं शिलाई मशीनच्या दुरुस्त्यांची. तेहेतिसाव्या पानावर ‘शटल झिजलंय, गुरुवारी नवीन टाकणे’ एवढंच, आणि पुढे कोरी. तो गुरुवार काही आला नाही. चार वर्षं मी वही नुसती पुसून ठेवत होते. आज मागच्या बाजूने लिहायला घेतली, म्हणजे ह्यांच्या पानांना धक्का लागायचा नाही.

लिहायचं कारण, आज वाचनालयात डबा बसला. इंटरनेटचा. शिवणाच्या डब्याएवढाच आहे, वर चार हिरवे दिवे.

वाचनालय खाली, मी वरच्या खोलीत. मध्ये बाहेरून अठरा पायऱ्या. चाव्या माझ्याकडे, झाडलोट माझ्याकडे, वर्तमानपत्रं काठीला लावणं माझ्याकडे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. ह्यांच्या मशीनच्या माहितीपत्रकांवरून अक्षरं लावायला शिकले आणि मग खालची सात कपाटं एकेक करून वाचून काढली. आठवं कायद्याच्या पुस्तकांचं आहे, त्यात अजून अडकलेय.

डबा घेऊन आलेली इंजिनिअर पोरगी पिवळं हेल्मेट घालून शिडीवर चढली तेव्हा निम्मं गाव माना वर करून उभं होतं. तिने खांबावरून नारिंगी वायर आत आणली, दोन कॉम्प्युटर टेबलाला कायमचे आवळले, डब्याला सील लावलं आणि माझ्या हातात एक जाड पुस्तक ठेवलं. अडुसष्ट पानं. वर मोठ्या अक्षरांत ‘धोरण’. मी उभ्या उभ्याच उघडलं तर म्हणाली, "काकू, ते वाचायचं नसतं, कपाटात ठेवायचं असतं."

मी वाचणार.

१४ जानेवारी

वाचलं. चष्म्याखाली डोळे दुखले, पण वाचलं.

आम्हाला त्यात ‘अंतिम टोक’ म्हटलंय. ‘जोडणी अंतिम टोकापर्यंत पोहोचवण्यात येईल.’ पोस्टमन भाऊजींना वाचून दाखवलं. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पत्रं वाटायच्या वेळेलाच अजून वाचनालयात येतात. म्हणाले, "वहिनी, पस्तीस वर्षं मी या अंतिम टोकाला पायी आलो. माझ्यावर कुणी अर्धं पान लिहिलं नाही."

खरी मेख एक्केचाळिसाव्या पानावर आहे. नव्वद दिवसांत दीडशे माणसांनी डबा वापरला पाहिजे. नाहीतर डबा उचलून ‘अधिक गरजू ठिकाणी’. म्हणजे बारा एप्रिलपर्यंत. आमची घरं एकशे ऐंशी. मी दारात एक वेगळी वही बांधून ठेवलीय. येईल त्याचं नाव लिहायचं. मोजायला कुणी आलं की ती पुढे करीन.

अडचण एकच. कॉम्प्युटर उघडायला मोबाइलचा नंबर द्यावा लागतो. मग त्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते तीन मिनिटांत भरायचे. गाव बसलंय खोलगटात, मोबाइलला रेंज नाही. रेंज नाही म्हणून तर वायर आणली, आणि वायर वापरायची तर आधी रेंज हवी. हे कुठल्या पानावर लिहिलंय ते दोनदा शोधलं. सापडलं नाही.

सगळ्या गावात रेंज येते ती माझ्या खिडकीबाहेर, हातभर अंतरावर. ह्यांनी ती जागा आठ दिवस खिडकीतून हात बाहेर काढून शोधली होती. लोकांना वाटायचं मिस्त्री कुणाला तरी हात करतायत. मग तिथे चौकटीला एक लांब हुक ठोकला, मी कापडी पिशवी शिवली, आणि पिशवीत ह्यांचा फोन. अजूनही तिथेच असतो. गिऱ्हाइकांचे फोन त्याच्यावरच येतात.

तर पहिल्यांदा आल्या नर्सबाई. त्यांना बाळांची वजनं वरच्या ऑफिसात पाठवायची होती. आकडे घ्यायला त्या रस्त्याच्या वळणापर्यंत पळाल्या, परत येईपर्यंत मुदत संपली. तीनदा पळाल्या. शेवटी मीच म्हटलं, अहो, ह्यांचा नंबर टाका. टाकला. वर पिशवीत टुंग वाजलं, मी खिडकीतून सहा आकडे ओरडले आणि काम झालं.

स्क्रीनवर ‘स्वागत’ आलं आणि त्यापुढे ह्यांचं नाव, आडनावासकट.

मग नर्सबाईंना खुर्ची ओढून दिली.

२० जानेवारी

आता रोज सकाळी आठला दोन्ही कॉम्प्युटर मीच ह्यांच्या नंबराने उघडून ठेवते. दिवसभर कुणीही यावं, बसावं. पळापळ नको, आकडे नकोत. भाऊजी म्हणाले, एवढं सोपं त्या अडुसष्ट पानांना सुचलं नाही. मलाही मनातून जरा मोठं वाटलं.

दुपारी फोन वाजला. वळणापलीकडच्या गावातली बाई. मिस्त्री आहेत का म्हणून विचारलं. म्हटलं, ते बाहेर गेलेत, काय झालंय ते मला सांगा. तिच्या मशीनचे टाके सुटत होते. ह्यांच्या अकराव्या पानावर आहे, सुई उलटी बसलीय का ते आधी बघायचं. उलटीच होती. बाई हसली, मिस्त्रींना सांगा म्हणाली. सांगते म्हटलं.

खरं सांगितलं की माणसं गडबडतात, बिचारी फोन ठेवून देतात आणि मशीन तसंच पडून राहतं. म्हणून बाहेर गेलेत म्हणायचं. त्यात दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवते.

आमच्या सुताराला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याची बहीणही तशीच. ती लग्न होऊन लांब गेली, अकरा वर्षं भेट नाही. फोन त्यांच्या काय कामाचा? आणि लिहायला दोघांनाही कुणी शिकवलं नाही. भाऊजी म्हणतात, सुताराच्या दारात त्यांनी एकही पत्र टाकलं नाही, म्हणून ते दार त्यांच्या लक्षात राहिलं.

नर्सबाईंनी इकडे तिकडे विचारून बहिणीच्या गावातली नर्स गाठली. सकाळी अकराला सुताराला हाताला धरून आणून बसवलं. त्याला वाटलं टेबल डुगडुगतंय, त्याने खाली वाकून पाय तपासायला घेतले. वर बघतो तर समोर बहीण.

तिचेही केस पांढरे झालेत. आणि दोघांचे हात सुरू झाले. रंधा मारतानासुद्धा त्याचे हात एवढ्या वेगाने चालत नाहीत. वाचनालयात वीस-बावीस माणसं, कुणी खुर्ची सरकवेना. मध्येच दोघं पोट धरून हसली. विनोद काय होता कुणाला कळला नाही, पण आम्ही सगळे हसलो. वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. आज पहिल्यांदाच दोन माणसं तासभर गप्पा मारत बसली आणि पाटीचा मान राहिला.

जाताना त्याने माझ्याकडे बघून बोटांनी विचारलं, उद्या? मी मान हलवली. त्याने डुगडुगणारं टेबल मात्र दुरुस्त केलं, तेव्हाच गेला.

१७ फेब्रुवारी

बसायला जागा नसते. शिवणवाल्या बायका नवीन गळ्यांचे नमुने बघतात, एक दाखवते आणि नऊजणी नावं ठेवतात. शेळीवाला शेळीच्या जिभेचे फोटो बघत बसतो. पानवाल्याची सून नर्सिंगच्या परीक्षेचे धडे ऐकते, कानात ती बोंडं घालून, आणि मोठ्याने ‘हो हो’ म्हणते. सुतार रोज अकराला. त्या वेळी खुर्ची आपोआप रिकामी होते, सांगावं लागत नाही.

आज लेकीशी स्क्रीनवर बोलले. ती लांब शहरात हिशेबनीस आहे. वाळलीय. मी असं म्हटलं की ती म्हणते, आई, स्क्रीन अरुंद आहे. मग म्हणाली, बाबांचा नंबर अजून चालू ठेवलायस? म्हटलं, त्याला रेंज चांगली येते.

"रेंज नंबराला नसते आई. जागेला असते."

मी विचारलं, तुझं जेवण झालं का.

४ मार्च

तीन दिवस वीज नव्हती. धोरणात ‘अखंड सेवा’ असा शब्द सात वेळा आहे, मोजले. दिवे गेल्यावर तीच पानं वाचत बसले होते.

१६ मार्च

आज हसू येतंय आणि थांबतही नाही. वरच्या ऑफिसातून कागद आलाय, चांगल्या जाड कागदावर, ह्यांच्या नावाने. ‘आपण आपल्या विभागातील सर्वाधिक सक्रिय वापरकर्ते ठरला आहात. सहाशे बारा तास. आपल्या ज्ञानपिपासेचे अभिनंदन.’

ह्यांना जिवंतपणी बक्षीस कसलं ते ठाऊक नव्हतं. एकदा दोरीच्या खेचाखेचीत पितळी पेला मिळाला होता, तोही नऊजणांत. कागद फोटोखाली टेकवून ठेवला. म्हटलं, बघा, घरबसल्या.

भाऊजींना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "वहिनी, मिस्त्रींचं नाव आलंय. बाकीच्यांचं?" म्हटलं, बाकीच्यांचं पुढच्या महिन्यात येईल. एकेकाचं पाठवत असतील.

२७ मार्च, शुक्रवार

मला जे दिसायला हवं होतं ते सगळ्यांदेखत दिसलं.

इंजिनिअर पोरगी आली, हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला. पाणी दिलं ते हातातच धरून बसली. म्हणाली, "काकू, डबा हलवायचं पत्र तयार होतंय. तुमच्याकडे तो एकच माणूस वापरतो."

मी दारातली वही पुढे केली. दोनशे तेरा नावं. तिने पानं चाळली, शेळीवाल्याने नावाशेजारी शेळी काढलीय ती बघून हसलीसुद्धा. पण म्हणाली, डबा वही वाचत नाही, नंबर मोजतो. एक नंबर म्हणजे एक माणूस. तुमचा सगळा गाव वर एकच माणूस दिसतोय.

मग तिने पिशवीतून कागद काढून वाचून दाखवलं. पुरुष, वय सत्तर. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, एक सुट्टी नाही. बाळांची वजनं, गळ्यांचे नमुने, शेळ्यांचे रोग, नर्सिंगचे धडे, आणि रोज अकराला तासभर एका बाईशी बोलतात पण आवाज शून्य. वरच्या ऑफिसात सगळ्यांना त्यांना एकदा बघायचंय म्हणे. आणि तिने इकडे तिकडे बघून विचारलं, "आहेत कुठे ते?"

मी तोंड उघडलं होतं. बाहेर गेलेत म्हणणार होते.

भाऊजी मध्येच म्हणाले, "वारले ते. चार वर्षं झाली."

पोरगीने पेला खाली ठेवला. मला भाऊजींचा फार राग आला. अजूनही आहे, पण नक्की कशाचा ते सांगता येत नाही.

पोरगी वाईट नाही. तिने सगळं समजावून सांगितलं. वारलेल्या माणसाचं नाव मोजणीत धरत नाहीत, म्हणजे आमचा खरा आकडा शून्य. बारा तारखेपर्यंत दीडशे माणसांनी आपापल्या नंबराने नाव घातलं तर पत्र थांबेल. ह्यांचं नाव यादीतून तिला आजच काढता आलं असतं. ती म्हणाली, मी नाही काढत काकू, तुम्हीच काढा, जमेल तेव्हा.

सुतार अकराला येऊन गेला. त्याला हे कसं सांगायचं, हातांनी? नर्सबाईंनी सांगितलं. त्याने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सोय म्हणून केलं मी. सगळ्यांची सोय, आणि माझी जरा जास्तच.

२८ मार्च

सकाळी सहालाच दारावर थापा. उघडलं तर सुतार. खांद्यावर लाकूड, हातात दोरी आणि कप्पी. विहिरीवर असते तशी, पण छोटी. त्याने ह्यांच्या हुकाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं. हात लावू का, असं. मी हो म्हटलं. चार वर्षांत त्या हुकाला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

त्याने हुक काढला नाही. त्याच्याच शेजारी आडवी फळी ठोकली, तिला कप्पी लावली, कप्पीतून दोरी, दोरीला टोपली. खाली रस्त्यावर टोपलीत फोन ठेवायचे, दोरी ओढली की टोपली थेट रेंजमध्ये.

दुपारी तो फोनच्या दुकानात गेला आणि आयुष्यातला पहिला फोन घेऊन आला. ऐकायला नाही, टोपलीत घालायला. कार्ड सुरू व्हायला आठवडा लागेल म्हणाले. अजून सातजणांनी घेतली, आणि दुकानातली कार्डं संपली.

३१ मार्च

कालचा पहिला दिवस फजितीचा. एका खेपेला दहा फोन वर. खाली नर्सबाई नंबर टाकतात, वर टुंग वाजतं, मी वाकून बघते तर दहा फोन सारखेच काळे. कुठला वाजला? शिवणवालीचे आकडे शेळीवाल्याला गेले, शेळीवाल्याचे पानवाल्याच्या सुनेला, आणि मशीनने तिघांनाही हाकललं. मी खिडकीतून आकडे ओरडत होते आणि रस्त्यावरची माणसं आपापले म्हणून भलतेच लिहून घेत होती. दिवसभरात नावं लागली चार.

आज भाऊजी आले ते खाकी सदरा घालून. नऊ वर्षांनी. बटणं पोटावर ताणली होती. कुणाला काही न विचारता त्यांनी रस्त्यावर टेबल मांडलं, प्रत्येक फोनला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, गल्लीप्रमाणे लावले, आणि मला वर सांगून पाठवलं की यापुढे ओरडायचं नाही, चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचे. मग अठरा पायऱ्या वर, अठरा खाली. तीन मिनिटांच्या आत. दारात पोहोचले की आवाज द्यायचे, "टपाल!" आणि ज्याचं त्याच्या हातात.

एकदाही चुकलं नाही. आज एकतीस नावं. सदऱ्याचं एक बटण पायऱ्यांवर उडालं, ते मी शोधून लावून दिलं. धापा टाकत म्हणाले, "पस्तीस वर्षांत एवढ्या वेळेत माझं टपाल कधी पोहोचलं नव्हतं."

सुताराने दारात फळा लावलाय. रोज आकडा तोच लिहितो. पस्तीस.

नर्सबाईंनी विचारलं, काकू, तुमचं नाव घालू? म्हटलं, माझं शेवटी. मी कुठे जातेय.

५ एप्रिल

एकशे बावीस. सुताराचं कार्ड सुरू झालं. त्याच्या फोनवर सहा आकडे आले तेव्हा त्याला टुंग ऐकू येत नव्हतं, पण खालच्या सगळ्यांची तोंडं बघून त्याला कळलं. भाऊजी त्याच्यासमोर उभं राहून ‘टपाल’ म्हणाले आणि चिठ्ठी दिली. त्याला दिलेलं पहिलं टपाल.

दिवसभर जिन्यावर, रस्त्यावर, खिडकीत नुसता गोंधळ. दोरी ओढायला बायकांनी पाळ्या लावून घेतल्यात. मला संध्याकाळी खांदे दुखतात आणि झोप गाढ लागते. कितीतरी दिवसांनी.

८ एप्रिल, बुधवार

एकशे एकोणपन्नास.

गावातले फोन संपले. भाऊजी गल्लीगल्लीत जाऊन आले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडे नाही. नवीन कार्ड आणलं तरी सुरू व्हायला आठवडा, आणि उरले चार दिवस.

सुताराने फळ्यावर आकडा लिहिला. सगळे फळ्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, काकू, तुमचंच राहिलंय. कुणीच म्हटलं नाही. नर्सबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. शिवणवालीने मला विचारलं, काकू चहा ठेवू का. भाऊजींनी तर पाठच फिरवली, आणि टोपली रिकामीच होती तरी तिच्यात हात घालून बघितलं. एवढ्या बोलघेवड्या माणसांना एका वेळी गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेरून मला ऐकू आलं, सुताराला कुणीतरी हाताने खुणावत होतं. काकूंना काही बोलायचं नाही म्हणून. ऐकू आलं म्हणजे बांगड्यांचा आवाज आला.

९ एप्रिल

सकाळी सातलाच खाली गेले. कुणी यायच्या आत. कॉम्प्युटर आज ह्यांच्या नंबराने उघडला नाही. ‘नवीन नोंदणी’वर बोट ठेवलं. दीड आठवडा इतरांचं बघितल्यामुळे हाताला सवय झालीय.

माझं नाव लिहिलं. लिहिताना सावकाश लिहिलं. एरवी माझं नाव लिहायची वेळच येत नाही, सगळ्या जगाची काकू. मशीन म्हणालं, हे नाव एका क्रमांकाशी कुटुंबातील व्यक्ती म्हणून आधीच जोडलेलं आहे, क्रमांकधारकाची परवानगी घ्यावी. खाली ह्यांचा नंबर.

म्हणजे दुसरं कार्ड आणलं असतं तरी उपयोग नव्हता. परवानगी ह्यांचीच.

त्याखाली बारीक अक्षरांत, ‘क्रमांकधारक उपलब्ध नसल्यास कारण निवडा’. तीन कारणं होती. बाहेरगावी. आजारी. निधन.

पहिलंच निवडलं. खोटं कशाला लिहू, बोट आपसूक तिथेच गेलं. लगेच एक चौकट उघडली.

‘परत येण्याची तारीख भरा.’

चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती. मला एकदम तो गुरुवार आठवला, शटल नवीन टाकायचा. कुणाचं मशीन होतं तेही मी कधी विचारलं नाही. चार वर्षांत विचारायला हवं होतं. ती बाई वाट बघत असेल, किंवा केव्हाच दुसरीकडून करून घेतलं असेल.

बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी खाकरलं. भाऊजी. आत आले नाहीत.

मी मागे गेले आणि तिसरं निवडलं. तारीख विचारली, ती मला वहीत बघावी लागली नाही. मग मशीनने विचारलं, क्रमांक बंद करायचा की वारसाच्या नावावर करायचा.

हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं मला वाटत होतं की खरं सांगितलं तर नंबर जातो. मी आठव्या कपाटात एवढी डोकं घालून बसते आणि हे कुणाला विचारलं नाही. ‘वारसाच्या नावावर’ निवडलं. सहा आकडे पाठवलेत, तीन मिनिटांत भरा, असं आलं. वर हुकाला टुंग वाजलं.

मी उठणार तोच जिन्यावर पावलं. अठरा वर. मग अठरा खाली. भाऊजी दारात आले. सदरा साधाच होता आज. चिठ्ठी माझ्या हातात दिली. ‘टपाल’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण म्हणाले नाहीत.

मी भरले. अठ्ठेचाळीस तास लागतील असं आलं.

भाऊजींवरचा राग कुठे गेला कळलं नाही. शोधलाही नाही.

११ एप्रिल

सकाळी नऊ-वीस. ‘स्वागत’ आणि पुढे माझं नाव.

सुताराने फळ्यावर एकशे पन्नास लिहिले. शून्य एवढं मोठं काढलं की खडू मोडला.

१३ एप्रिल, सोमवार

इंजिनिअर पोरगी आली. हेल्मेट डोक्यावर होतं, म्हणजे बातमी चांगली. डब्याचं जुनं सील काढून नवीन लावलं, पाच वर्षांचं. सुताराने तिला हातांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. तिला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

मी वरच्या ऑफिसाला पत्र लिहिलं होतं, रेंज नाही म्हणून वायर आणि वायरसाठी रेंज, हे कसं? त्याचं उत्तरही तिने आणलं. धोरणाला पुरवणी जोडलीय, एकोणसत्तरावं पान. ‘रेंज नसलेल्या ठिकाणी टोपली पद्धतीचा अवलंब करावा. टोपलीची मापे सोबत.’ भाऊजींनी ते पान तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाले, बघा वहिनी, शेवटी लिहिलं माझ्यावर पान. म्हटलं, तुमच्यावर कुठे, टोपलीवर लिहिलंय. म्हणाले, टोपली काय स्वतःच्या पायाने जिना चढते?

लेकीला स्क्रीनवर सगळं सांगितलं. ती नाक पुसत होती. मग म्हणाली, आई, तुझ्या नावाने फोन केला तर तू उचलशील? म्हटलं, उचलीन की.

सगळे गेल्यावर वर आले. खिडकी उघडली तर पिशवीत फोन वाजत होता. नवीन नंबर, बाईचा आवाज, घाईत. मिस्त्री आहेत का?

"मिस्त्री वारले," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. मी त्यांची बायको बोलतेय."

आता फोन ठेवील असं वाटलं. मी वही उघडून बसले, ह्यांच्या पानांच्या बाजूने. ती ठेवेना. चाचरत म्हणाली, "दोरा तुटतोय हो सारखा."

"वरचा की खालचा?" मी विचारलं.